थोरल्या पातीचं बोडण

कल्याणहून आम्ही निघालो त्या सकाळी ओट्यावर न्हावी बसलेला होता. आबाकाकांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाने, त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दारात बैलगाडी उभी, तिच्यात दोन ट्रंका, एक वळकटी आणि मुरांब्याची बरणी. सासूबाई दारातून बाहेर आल्या तेव्हा आबाकाका ओसरीवरूनच म्हणाले, "वहिनी, अजून वेळ आहे. खाली बसा. अर्ध्या घटकेचं काम, की गाडी परत पाठवतो." सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पायऱ्या उतरायला लागल्या. लाज वाटली ती त्या न्हाव्याला. त्याने आपली धोपटी उचलून बाजूला घेतली आणि उठून उभा राहिला. त्या दिवशी त्या घरात आम्हांला वाट करून देणारा तो एकटाच.

सासरे वारून तेरा दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सासूबाईंचे केस उतरवायचे, अशी रीत. पण सासऱ्यांनी जाता जाता मुलाला, म्हणजे ह्यांना, एकच सांगितलं होतं, "हिच्या डोक्याला हात लावू देऊ नकोस." मुलाने ते ऐकलं आणि दहाव्याला आलेला न्हावी परत पाठवला. झालं. आबाकाकांनी सगळ्या आळीसमोर सांगून टाकलं की केस ठेवलेल्या विधवेच्या हातचं पाणी या घरात चालायचं नाही, आणि ती ज्या घरात आहे त्या घरचा देवही जेवायचा नाही. देवाने असं त्यांना कधी येऊन सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. ह्यांनी तारेची परीक्षा दिलेली होती. वऱ्हाडात बदनेऱ्याच्या स्टेशनात जागा मिळत होती ती घेतली आणि आम्ही तिघं निघालो. मी तेव्हा सोळा वर्षांची.

हे मी माझ्या कल्याणच्या जावांसाठी लिहिते आहे, आणि ज्या माझ्यासारख्या ट्रंकेवर बसून कुठे कुठे निघून गेल्या त्यांच्यासाठीही. गोड लिहिणार नाही. झालं गेलं विसरून जा, असं सांगणारे मला पुष्कळ भेटतात. विसरायला सांगणारा नेहमी तिकडचाच असतो.

माझं माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळ. कल्याणहून आगगाडीने तासाभराचा रस्ता. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी वडिलांचा माणूस निरोप घेऊन आला. "तू त्या भानगडीत पडू नकोस. इकडे ये, वारं निवळलं की सासरी परत पोचवू." आणि शेवटी, "सासूपायी नवऱ्याच्या मागे रानात गेलीस तर आमच्या दारात पुन्हा उभी राहू नकोस." मी त्या माणसाला गूळपाणी दिलं आणि परत पाठवलं. वडिलांचा हा शब्द मी अगदी तंतोतंत पाळला आहे. ठाण्याचा तलाव, त्याच्या काठी आम्ही मुली हादग्याची गाणी म्हणायचो ती जागा, मिठागरांकडून येणारा खारा वारा, हे सगळं मला स्वप्नात दिसतं. जागेपणी मी तिकडे गेले नाही.

बदनेऱ्याला उतरलो तेव्हा मला वाटलं, आपण भट्टीत उतरलो. कल्याणला पाणी दारात, खाडी हाकेवर, नारळ मागायला शेजारी जायचं. इथे क्वार्टरच्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि विहिरीचा दोर ओढता ओढता तळहात सोलून निघायचे. तांदूळ सणाला. एरवी ज्वारीची भाकरी, जी मला थापता येत नव्हती आणि सासूबाईंना चावत नव्हती. आमसुलं ठाण्याहून कोणी पाठवायची नाहीत, म्हणून चिंच. ह्यांची ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. कट्ट कडकट्ट करत तारेचं यंत्र बोलायचं आणि हे तापल्या खोलीत त्याचं ऐकत बसायचे.

पण तिथे कोणी सासूबाईंच्या पदराखाली काय आहे ते बघायला आलं नाही. पोर्टरची बायको पहिल्या आठवड्यात डोक्यावर गवऱ्यांची पाटी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "माय, तुमी कायले शेन थापता? मी देतो ना." सासूबाईंना आयुष्यात कोणी माय म्हटलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, जणू काही ही कोणा दुसरीला हाक मारते आहे. पुढे अख्ख्या चाळीच्या त्या माय झाल्या. बाळंतपणाला त्या, पापड लाटायला त्या, गार्डाच्या बायकोचं नवऱ्याशी भांडण झालं की मधे त्या. मी ह्यांच्याकडून अक्षरं शिकले, तारेच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर गिरवून. ठकी झाली. आठ वर्षं गेली.

मग आबाकाकांचं पत्र आलं. आठ वर्षांत पहिलंच, आणि कसलं सुरेख अक्षर! आपण त्र्यंबकेश्वरी गेलो होतो, तिथल्या उपाध्यांच्या वहीत आपल्या पूर्वजांचे हस्ताक्षरासकट लेख सापडले, सात पिढ्यांची वंशावळ तयार झाली आहे. तरी घराण्याच्या चारी पातींनी येत्या शनिवारी कल्याणास जमावं. शनिवारी वंशावळीचं वाचन, रविवारी कुळाचाराचं बोडण. नोकरदारांना फार रजा मागायला नको म्हणून मुद्दाम शनिवार-रविवार धरला आहे. आणि शेवटी, "थोरल्या पातीच्या सौ. सूनबाईंस व कुमारिकेस अगत्याने आणावे."

सासूबाईंचं नाव पत्रात कुठेही नव्हतं. शेवटच्या ओळीतलं अगत्य मात्र मला लगेच कळलं. आमच्या कुळात बोडणाला चार पातींच्या चार सुवासिनी लागतात, आणि मधे थोरल्या पातीची कुमारिका. देवीची अन्नपूर्णा परातीत बसवायची, तिच्यावर पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध, साखर घालायची आणि पाचही जणींनी हाताने ते कालवायचं. कुमारिका म्हणजे त्या वेळी देवीच. ती जे मागेल ते परातीत घालायचं, ती पुरे म्हणेल तेव्हा थांबायचं. कानावर आलं होतं, की आम्ही गेल्यापासून थोरल्या पातीच्या जागी शेजारची कोणीतरी बसवत होते. त्यातच आबाकाकांच्या सुनेची, वेणूची, दोन मुलं पाठोपाठ गेली. उपाध्यांनी सांगितलं की बोडण अपुरं होतंय. तेव्हा आबाकाकांना थोरली पाती आठवली.

"आपण जायचंच नाही," हे म्हणाले. मीही तेच म्हणणार होते. पण सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी जाणार आहे." ह्यांनी सांगितलं, तुला बोलावलेलं नाही. "ठाऊक आहे. सव्वीस वर्षं त्या परातीत माझे हात होते. आता हात नाही घालायचा मला. कोपऱ्यात बसून एकदा डोळ्यांनी बघायचंय." त्यांनी आठ वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही कोण म्हणणार?

शनिवारी सकाळी कल्याणला उतरलो. दारात काकूबाई, आबाकाकांची बायको, भाकरतुकडा घेऊन उभ्या. माझ्यावरून ओवाळला, ठकीवरून ओवाळला, आमच्या पायांवर पाणी घातलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. काकूबाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "त्यांची सोय मागच्या पडवीत केलीय. गोठ्याशेजारी हवा चांगली असते." आबाकाका ओसरीवर होते तसेच होते, फक्त मिशा पांढऱ्या झालेल्या. "वहिनी, तुमचं येणं काही ध्यानात नव्हतं," एवढंच बोलले. हे जागच्या जागी परत फिरायला निघाले होते. सासूबाईंनी त्यांच्या हातातली आपली पिशवी घेतली आणि घराला वळसा घालून मागे गेल्या. ज्या घरात त्या नवरी होऊन माप ओलांडून आल्या होत्या, त्या घरात.

मी स्वैपाकघरात गेले तर पुरणाच्या चुलीशी शेजारच्या एक सोवळ्या बाई. त्याही विधवाच. त्यांना चूल आणि सासूबाईंना गोठा. मधलं अंतर म्हणजे वीतभर केस. माझ्या मस्तकात तिडीक गेली ती दोन दिवस उतरली नाही.

दुपारी ओसरीवर बैठक भरली. पनवेलची पाती आली होती, मुंबईची आली होती. आम्ही बायका माजघराच्या दाराआड. आबाकाकांनी मोठा कागद उलगडला, झाडाचं चित्र काढलेला, फांदीफांदीवर नावं. बुंध्याशी मूळ पुरुष. आवाज चढवून त्यांनी वहीतला त्याचा लेख वाचला, की दक्षिणेतून निघून कल्याणास आलों, बरोबर मातोश्री. तीर्थरूप आधींच कैलासवासी. घरचे भाऊबंदांनी ठेवून घेतलें नाहीं. मातोश्रींनी देवी ओटींत घालून आणिली. "बघा!" आबाकाका म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "ही जी देवी आत देव्हाऱ्यात आहे ना, ती त्या माउलीने ओटीत घालून आणलेली. केवढे कष्ट सोसले असतील!" सगळे माना डोलवायला लागले. पनवेलच्या कोणीतरी नाक पुसलं.

मी दाराआडून आबाकाकांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी या माणसाला काहीतरी दिसेल. मुलाला घेऊन भाऊबंदांच्या दारातून निघालेली विधवा, आणि तिच्यावरून अख्खं घर उभं राहिलेलं. पण ते पुढची फांदी वाचायला लागले. माणूस दोनशे वर्षांमागच्या बाईसाठी रडतो आणि गोठ्यात बसलेली बाई त्याला दिसत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. संध्याकाळी गोठ्यात जाऊन मी ते सगळं सासूबाईंना सांगितलं, चांगलं तिखटमीठ लावून. त्या म्हणाल्या, "किती चालली असेल बिचारी." मग म्हणाल्या, "मी धाकटीला विचारलं गं, उद्या कोपऱ्यात बसू का म्हणून." काकूबाईंनी काय उत्तर दिलं, ते मी विचारलं. "आत्ता काही बोलू नका, म्हणाली."

रात्री मी ठकीला पढवलं. लपवत नाही. तिला सांगितलं की उद्या तुला विचारतील, काय हवं. आधी दूध माग, मग तूप माग, आणि मग म्हण, आजी हवी. तीन वेळा तिच्याकडून म्हणवून घेतलं.

रविवारी देवघराची दारं लागली. बोडणाला पुरुषांची सावलीसुद्धा चालत नाही, म्हणून ते सगळे ओसरीवर. परातीभोवती मी, वेणू, पनवेलची आणि मुंबईची. मधे पाटावर ठकी, परकर-पोलक्यात, नथ घालून. काकूबाईंनी रीत बजावली. एकदा हात घातले की कुमारिका पुरे म्हणेपर्यंत काढायचे नाहीत. कोणी काढले तर बोडण मोडलं, आणि मोडलेलं बोडण घराला बाधतं. वेणू माझ्यासमोर होती. आम्ही निघालो तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली पोर होती. आता वीस वर्षांची असेल, पण तिचा चेहरा मी आदल्या दिवशी ओळखलाच नव्हता. ती परातीत अशी बघत होती, जणू आपली दोन्ही मुलं त्यातून वर येणार आहेत.

"कुमारिके, काय हवं?" ठकी म्हणाली, दूध. दूध घातलं. "काय हवं?" तूप. "आणखी काय हवं?" मी तिच्याकडे बघितलं. माझ्या लेकीने परातीकडे बघितलं आणि म्हणाली, "साखर." साखर घातली. "आणखी?" "आणखी साखर!" आणि खुदकन हसली. मी केलेली सगळी तयारी तिने साखरेत कालवून टाकली. तिचा काय दोष? सात वर्षांच्या पोरीला कोणी कधी मागेल तेवढी साखर दिली होती?

तेव्हा मी बोलले. "काकूबाई, सासूबाईंना आत बोलवा. नाही तर मी हात काढते."

"अगं, काय अवदसा आठवलीय तुला? देवीसमोर बोलतेस!"

"देवीसमोरच बोलते."

"बाहेर ते बसलेत. ऐकलं तर घर डोक्यावर घेतील."

"घेऊ देत. आत तर येता येत नाही त्यांना." आणि मी उजवा हात मनगटापर्यंत वर उचलला. बोटांवरून पुरण-दूध परातीत ठिबकायला लागलं. मुंबईची म्हणाली, बाई बाई बाई. वेणूच्या तोंडातून असा आवाज निघाला, की तो मला आज लिहितानाही ऐकू येतो. "आई, बोलवा हो त्यांना! तुमच्या पाया पडते, बोलवा! तिला हात काढू देऊ नका!" मी वेणूकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझा हात खाली गेला असता.

काकूबाईंनी मागचं दार उघडलं. सासूबाई पहाटेच आंघोळ करून, ओलेतं नेसून गोठ्याच्या पायरीवर बसलेल्या होत्या, कोणी बोलावलंच तर सोवळ्याला अडू नये म्हणून. त्या आल्या आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. माझा हात परत परातीत गेला. त्यांनी देवीकडे पाहिलं, मग परातीकडे, मग एकेका तोंडाकडे. कोणी सांगायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं बसलेल्या बाईला परातीतले हात वाचता येतात.

"ठके," त्या म्हणाल्या, "आता पुरे म्हण बाळ. वेणूचे हात बघ कसे थरथरतायत."

"पुरे," ठकी म्हणाली.

बोडण झालं. सासूबाई आत बसल्या त्या एवढ्याच, दिव्याची वात एकदा पुढे सारायला लागते तेवढा वेळ. उठल्या, वेणूच्या पाठीवरून हात फिरवला आणि आल्या वाटेने गोठ्यात गेल्या.

आबाकाकांना कळायचं ते कळलंच. थोरल्या पातीने देवघर बाटवलं, असं ते ओसरीवर उभे राहून म्हणाले. ह्यांनी वंशावळीवरून चालत जाऊन आपले जोडे घेतले. कागद जमिनीवर अंथरलेला होता, आणि ह्यांनी वळसा घातला नाही. आमची गाडी दारातून हलायच्या आतच काकूबाई देवघरात गोमूत्र शिंपडताना मला खिडकीतून दिसल्या. सासूबाई बसल्या होत्या त्या कोपऱ्यात दोनदा.

आगगाडीत मला वाटलं, त्या आता काही चांगलं बोलतील. कसारा गेलं तेव्हा बोलल्या. "मी कोपरा मागितला होता. तू दरोडा घातलास. त्या पोरीच्या काळजावर पाय देऊन मला आत नेलंस. असं बसणं मला नको होतं."

"मागून मिळत नव्हतं," मी म्हटलं.

"मग नसतं मिळालं."

त्या खरं बोलल्या, हे मला तिथेच कळलं होतं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी हात उचलीन, हेही कळलं होतं. दोन्ही गोष्टी आजवर माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात आणि भांडतात.

वर्षाने पुन्हा पत्र आलं. वेणूला मुलगा झाला, चांगला आहे, गुटगुटीत आहे. तेव्हा बोडणासाठी सौ. सूनबाईंस व कुमारिकेस अगत्याने आणावे. शेवटची ओळ अक्षर न् अक्षर तीच. ह्यांनी कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "उत्तर तूच लिही." मी तारेच्या कागदाच्या पाठीवरच लिहिलं. वेणूची क्षमा मागितली, तिला समोर बघायला हवं होतं तेव्हा मी बघितलं नाही म्हणून. बाकी कोणाची नाही. पुढे लिहिलं, थोरल्या पातीचं बोडण आता बदनेऱ्यास होतं. परातीभोवती गार्डाची बायको, पोस्टमास्तरची बायको, अमरावतीच्या एक मास्तरीणबाई आणि मी असतो. सासूबाई कोपऱ्यात नाही, देवीजवळ बसतात, आणि कशात काय चुकलं ते मोठ्याने सांगतात. ज्यांना हे चालेल त्यांनी यावं.

उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली नाही, असं म्हणेन तर खोटं होईल; वेणूची पाहिली.

आता कोणी घर कुठलं विचारलं की मी बदनेरा सांगते. परवा नव्या स्टेशनमास्तरांची बायको माझं बोलणं ऐकून हसली. म्हणाली, "ते राहू दे, पन मूळ कुठलं तुमचं?" मी म्हटलं, मूळ ना? ते कल्याणला आबाकाकांच्या भिंतीवर टांगलंय. त्याच्यावर माझ्या नवऱ्याच्या पायांचे ठसे आहेत, त्यावरून ओळखाल. जाऊन वाचून या हवं तर. पण आत शिरण्याआधी डोक्यावरचा पदर नीट घ्या.